पक्षीनोंदींची साइट : वर्डप्रेसवरून ह्यूगोवर

साइटचं स्थलांतर झालं. पानं रचणारं पीएचपी वापरातून गेलं, नोंदी साठवणारा मायएसक्यूएल डेटाबेसही गेला. सर्व्हरवर आता नुसत्या एचटीएमएल फायली, फोटो आणि थोडं सीएसएस-जावास्क्रिप्ट.

पानावर स्लाइडशो फिरतोय म्हणून साइट डायनॅमिक होत नाही. पान कधी तयार होतं ते बघायचं. वर्डप्रेस वाचकाने मागितल्यावर डेटाबेसमधून नोंद काढून पान रचतं. ह्यूगो सगळी पानं मी बिल्ड (साइट रचण्याची आज्ञा) चालवतो तेव्हाच रचून ठेवतो. (कॅशिंगचं, म्हणजे एकदा रचलेलं पान साठवून ठेवणारं प्लगइन लावलं की वर्डप्रेसही तयार एचटीएमएलच पाठवू लागतं, त्यामुळे ही सीमारेषा वाटते तेवढी ठळक नाही.)

याचे परिणाम मजेशीर आहेत. ‘आजचा पक्षी’ हा चौकोन बिल्डच्या दिवसावरच अडकून बसतो. म्हणून तो आता जावास्क्रिप्टने ब्राउझरमध्ये ठरतो. पुढची तारीख टाकलेली नोंद त्या दिवशी आपोआप उगवत नाही, कारण ह्यूगो भविष्यातल्या नोंदी वगळतो आणि तारीख उलटली तरी पुन्हा बिल्ड लागतोच. म्हणून रोज पहाटे क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारी सोय) बिल्ड.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला शोधाने. डेटाबेस नाही, म्हणजे अनुक्रमणिका आधीच बनवून ब्राउझरला द्यायची. त्यासाठी लुनर ही ब्राउझरमध्येच शोध घेणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी घेतली. पण तिचा मूळ ट्रिमर शब्दाच्या कडेची ‘अक्षर नसलेली’ चिन्हं काढतो, आणि त्याच्या लेखी अक्षरं म्हणजे फक्त इंग्रजी. देवनागरी शब्द अख्खाच उडतो! ट्रिमर बदलताना युनिकोडमधला अक्षरांचा वर्ग एकटा पुरत नाही. चिन्हांचाही घ्यावा लागतो, नाहीतर ‘टिटवी’ची वेलांटी छाटली जाते. अंकांचा वर्गही घेतला. इंग्रजी स्टेमर (शब्दाचे प्रत्यय छाटून मूळ रूप काढणारा भाग) काढून टाकला.

उरला प्रश्न सामान्यरूपाचा. ‘बगळा’ शोधल्यावर ‘बगळ्याला’ सापडत नाही. सध्या टाइप केलेल्या शब्दाचा शेवटचा काना काढून पुढे तारांकन जोडतो, म्हणजे ‘बगळ’ने सुरू होणारं सगळं येतं. उपाय ओबडधोबड आहे, पण पक्ष्यांच्या नावांपुरता चालतो.

सगळंच स्टॅटिक (आधीच रचून ठेवलेलं) हवं असं सोवळं मी पाळत नाही. संपर्काच्या फॉर्मला पलीकडे ऐकणारं कोणीतरी लागतं. तेवढ्यासाठी एक छोटी पीएचपी स्क्रिप्ट वेगळ्या सबडोमेनवर ठेवणार आहे. ती झाली की जुना डेटाबेस बॅकअप घेऊन पुसतो.