लहान चित्राची किंमत उघडपणे लिहावी

मी जलरंगात निसर्गचित्रे करते. त्यांतली बहुतेक पाच बाय सात इंचांची असतात, ती मी इन्स्टाग्रामवर आणि स्वतःच्या संकेतस्थळावर विकते, आणि प्रत्येक चित्राखाली त्याची किंमत आकड्यांत लिहिते. ‘किमतीसाठी मेसेज करा’ असे लिहिण्याचा प्रघात चित्रकारांमध्ये सर्रास दिसतो. तो सोडून द्यावा, असे मला मनापासून वाटते.

आपल्याकडे चित्राची किंमत विचारण्यात फार मोठा संकोच असतो. आकडा आवाक्याबाहेरचा निघाला तर नाही कसे म्हणायचे, या धास्तीने चित्र आवडलेला माणूस गप्प राहतो आणि पुढे सरकतो. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि शिळाछापाच्या रंगीत प्रतींमधून लक्ष्मी-सरस्वती सामान्यांच्या देवघरापर्यंत पोहोचल्या. पण त्या प्रती होत्या, मूळ तैलचित्रे संस्थानिकांच्या आणि धनिकांच्या दिवाणखान्यांतच राहिली. चित्रकाराच्या हातचे मूळ चित्र आपल्यासाठी नसतेच, ही समजूत आपल्या घरांत अजूनही मुरलेली आहे. माझ्याकडे येणाऱ्यांत शिक्षिका असतात, बँकेतले कर्मचारी असतात, नव्या घराचे हप्ते भरणारी तरुण जोडपी असतात. आयुष्यात पहिल्यांदाच चित्र विकत घेणाऱ्या या मंडळींपैकी अनेकांनी मला सांगितले आहे की, किंमत लिहिलेली नसती तर आम्ही विचारलेच नसते.

किंमत उघड लिहायची तर ती कशी ठरवली, हेही सांगता आले पाहिजे. मी चौरस इंचाला ४० रुपये असा दर धरते. त्यामुळे पाच बाय सातचे चित्र १४०० रुपयांना आणि सात बाय दहाचे २८०० रुपयांना पडते, टपालखर्च वेगळा. कोणते चित्र मला स्वतःला अधिक जवळचे आहे, यावर किंमत बदलत नाही. पोस्टकार्डाएवढ्या चित्रांना मात्र हा हिशेब लावत नाही, कारण कागद निम्मा झाला म्हणून मेहनत निम्मी होत नाही. त्यांना मी एक किमान रक्कम ठरवलेली आहे.

परवडणारे चित्र म्हणजे हलक्या सामानावर काढलेले चित्र नव्हे, याबाबत मी आग्रही आहे. शंभर टक्के कापसाचा, आम्लरहित, ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड) कागद महाग असतो; पण २२ बाय ३० इंचांच्या एका तावातून साडेपाच बाय साडेसात इंचांचे सोळा तुकडे निघतात, आणि कडेची पांढरी पट्टी सोडून पाच बाय सातचे चित्र त्यात नेमके बसते. या मापाची तयार फ्रेम सहज मिळते, म्हणून ग्राहकाला वेगळी फ्रेम करून घ्यावी लागत नाही. रंगांचेही तसेच आहे. अलिझारिन क्रिमझन हा देखणा लाल रंग उजेडात फिका पडतो, आणि विकत घेणारा माणूस चित्र खिडकीसमोर लावणार की नाही, हे आपल्या हातात नसते. म्हणून मी त्याऐवजी क्विनाक्रिडोनचे टिकाऊ लाल रंग वापरते.

पडद्यावर पाच इंचांचे आणि पाच फुटांचे चित्र सारखेच दिसते. त्यामुळे माप पहिल्याच ओळीत लिहावे आणि एक छायाचित्र तरी चित्र हातात धरून काढलेले असावे. छायाचित्र उन्हात काढू नये. सावलीतल्या एकसारख्या उजेडात रंग खरे येतात.

पाठवताना चित्र ग्लासिन या गुळगुळीत, पातळ कागदात, मग प्लास्टिकच्या पाकिटात आणि शेवटी चित्राहून मोठ्या दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवते. पावसाळ्यात या प्लास्टिकला पर्याय नाही. काच टपालात फुटते, म्हणून फ्रेम पाठवत नाही.

प्रत्येक पाकिटात एक छोटे पत्र असते. त्यात कागद आणि रंगांची माहिती असते, आणि चित्र विकले तरी त्याचा स्वामित्वहक्क चित्रकाराकडेच राहतो, हेही लिहिलेले असते. १९५७च्या कायद्यानुसार तो लेखी करारावाचून दुसऱ्याकडे जात नाही. लग्नपत्रिकेवर किंवा कपांवर चित्र छापण्याची इच्छा अनेकांना होते, तेव्हा ते आधी विचारतात आणि आमचे संबंध चांगले राहतात.

सणासुदीला मी सवलत देत नाही, कारण आदल्याच महिन्यात पूर्ण रक्कम देऊन चित्र घेतलेल्या माणसाशी तो अन्याय होईल. दर वाढवायचा असला, तर नव्या दराची तारीख आधी जाहीर करते. ज्यांना एकरकमी पैसे देणे शक्य नसते, त्यांना दोन हप्त्यांची मुभा आहे, आणि तीही किमतीच्या खालच्याच ओळीत लिहिलेली असते, म्हणजे त्यासाठीही कोणाला विचारावे लागत नाही.