तुम्ही विचारलंत म्हणून: पोर्शेच्या पैशात जुनी कॅमारो कशासाठी?

गणपतीत डेट्रॉइटच्या महाराष्ट्र मंडळात भेटणारी मंडळी, कामावरचे सहकारी आणि पुण्याहून फोन करणारे मावसभाऊ हे सगळेच मला फिरून फिरून एकच प्रश्न विचारतात: ‘या १९६९च्या शेव्हरोले कॅमारोवर तुम्ही जेवढा पैसा आणि जेवढे हिवाळे घातलेत, तेवढ्यात एखादी चांगली वापरलेली पोर्शे आली असती. मग ही जुनाट, जड गाडी घेऊन तुम्ही पोर्शे-फेरारीवाल्यांच्या मागे का धावता?’ प्रश्न रास्त आहे. उभ्या उभ्या दोन वाक्यांत त्याचे उत्तर देता येत नाही, म्हणून ते इथे सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी, कारण मी रात्री हायवेवर गाडी पिटाळतो असा काहींचा समज आहे. मी धावतो तो बंदिस्त ट्रॅकवर. मिशिगनमध्ये क्लार्कस्टनला वॉटरफर्ड हिल्स आहे आणि साउथ हेवनला १९९६ साली सुरू झालेला जिंजरमॅन आहे. तिथे डावी-उजवी वळणे, चढउतार, हेल्मेट, झेंडे दाखवणारी माणसे आणि गाडीची कसून तपासणी, असे सगळे शिस्तीत चालते. हौशी चालकांसाठी राखलेल्या दिवशी तिथे पोर्शे ९११ जीटी३, फेरारी, कॉर्व्हेट अशा गाड्या येतात आणि त्यांच्या रांगेत माझीही गाडी उभी असते.

माझी कॅमारो मसल कार या जातीत मोडते. मसल कार म्हणजे मध्यम किंवा लहान आकाराच्या अमेरिकन गाडीत बसवलेले मोठे व्ही-८ इंजिन. ही गाडी सिग्नलपासून सरळ रेषेत सुसाट सुटते आणि वळण आले की गडबडते, असे सर्वसाधारण मत आहे आणि कारखान्यातून निघालेल्या बहुतेक गाड्यांच्या बाबतीत ते खरेही होते. ट्रान्स-ॲम ही अमेरिकेतली, रस्त्यावरच्या गाड्यांवरून तयार केलेल्या गाड्यांच्या शर्यतींची मालिका. तिची अगदी पहिली शर्यत १९६६ साली फ्लोरिडातल्या सेब्रिंगला झाली, तेव्हा फोर्ड मस्टँग आणि डॉज डार्टसारख्या व्ही-८ गाड्यांच्या गर्दीतून पहिला आला तो ऑस्ट्रियाचा चालक योखेन रिंट, आणि त्याच्या हातात होती १.६ लिटरची अल्फा रोमिओ जीटीए. ज्याला या विषयात शिरायचे असेल त्याने हा निकाल डोळ्यांसमोर ठेवावा. वळणावळणाच्या ट्रॅकवर नुसती ताकद पुरत नाही, हे त्या दिवशी सगळ्या अमेरिकेला दिसले.

पण गोष्ट तिथे संपली नाही, आणि माझ्या उत्तराचा निम्मा भाग पुढच्या दोन वर्षांत दडलेला आहे. ट्रान्स-ॲमच्या नियमाप्रमाणे इंजिन पाच लिटरच्या आत असणे भाग होते. शेव्हरोलेच्या व्हिन्स पिगिन्स यांनी ३२७ घनइंची इंजिनाच्या ब्लॉकमध्ये २८३ घनइंची इंजिनाचा कमी स्ट्रोकचा (म्हणजे पिस्टनला कमी अंतर वरखाली करणारा) क्रँक बसवण्याचा मार्ग पुढे केला आणि ३०२ घनइंचांचे, म्हणजे पाच लिटरच्या जेमतेम आत बसणारे आणि मिनिटाला जास्त फेऱ्या घेताना खुलणारे इंजिन तयार झाले. ते ज्या गाडीत बसले ती कॅमारो झी-२८. १९६७ साली अशा फक्त ६०२ गाड्या निघाल्या. रॉजर पेन्स्की यांच्या संघाची निळी कॅमारो मार्क डोनोह्यू चालवत असत. ते स्वतः ब्राउन विद्यापीठातून शिकलेले मेकॅनिकल इंजिनिअर होते, त्यामुळे गाडीने काय केले हे सांगण्यावर न थांबता तिने तसे का केले याचा ते छडा लावत. १९६८च्या सेब्रिंगच्या १२ तासांच्या शर्यतीत पहिल्या दोन क्रमांकांवर पोर्शे ९०७ होत्या, निव्वळ शर्यतीसाठी घडवलेल्या. त्यांच्या पाठोपाठ तिसरी आली ती डोनोह्यू आणि क्रेग फिशर यांची कॅमारो, आणि चौथीही कॅमारोच. त्या वर्षी ट्रान्स-ॲमच्या १३ शर्यतींपैकी १० डोनोह्यूंनी जिंकल्या. पुढे याच माणसाने पोर्शेसाठी ९१७/३० ही शर्यतीची गाडी तयार करून घेण्यात मोठा वाटा उचलला आणि १९७३ची कॅन-ॲम मालिका तिच्यावर जिंकली. कॅमारोला वळायला शिकवणारा आणि पोर्शेच्या सर्वांत बलवान गाडीला वठणीवर आणणारा माणूस एकच होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

म्हणून मी गाडी निवडली ती कॅमारो. मात्र खरी झी-२८ घेतली नाही आणि कोणी घेऊ नये असे माझे ठाम मत आहे. तो ऐतिहासिक ऐवज आहे; त्याचा पत्रा कापण्याचा अधिकार आपल्याला नाही. १९६९च्या सुमारे २,४३,००० कॅमारो निघाल्या, त्यांत सहा सिलिंडरच्या साध्या गाड्या पुष्कळ होत्या. मी तशीच एक शोधली आणि तीही ॲरिझोनातली, कारण मिशिगनमध्ये हिवाळ्यात बर्फासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते मीठ गाडीचा तळ खालून खाऊन टाकते. वरून चकचकीत रंग आणि आत वेल्डिंग धरायलाही पत्रा नाही, अशा गाड्या इथे सर्रास दिसतात.

या गाडीला पूर्ण लांबीची चॅसी नाही. इंजिन, स्टिअरिंग आणि पुढची चाके ज्या अर्ध्या चौकटीवर आहेत ती रबरी बुशांवर बोल्टने बॉडीला जोडलेली असते. मागे सगळा भार पत्र्याच्या सांगाड्यावरच. वळणात पुढचा भाग एक बोलतो आणि मागचा दुसरेच. म्हणून पहिले काम रबराच्या जागी ॲल्युमिनियमचे बुश घालण्याचे आणि पुढची चौकट मागच्या लांबोळ्या पट्ट्यांशी पोलादी नळ्यांनी वेल्ड करण्याचे. हे काम कोणाला दिसत नाही, फोटोत येत नाही, आणि त्याच्याशिवाय पुढचे सगळे वाया जाते.

माझा सर्वांत जास्त जीव गुंतला तो पुढच्या चाकांच्या भूमितीत, आणि इथे थोडे थांबतो. वळणात गाडी बाहेरच्या बाजूला कलते, बाहेरचे चाक बॉडीच्या हिशेबाने वर जाते. त्या क्षणी चाकाचा माथा आत ओढला गेला पाहिजे, म्हणजे गाडी कलली तरी टायर रस्त्यावर सपाट राहील. चाकाला धरणारे वरचे आणि खालचे असे दोन हात असतात, आणि हे काम त्यांची लांबी व कोन करतात. मूळ कॅमारोत वरच्या हाताचा कोन असा आहे की चाक वर जाताना माथा आत येण्याऐवजी बाहेर ढकलला जातो, आणि टायर आपल्या बाहेरच्या कडेवर उभा राहतो. त्या काळच्या अरुंद टायरांना हे चालून गेले. आजच्या रुंद, चिकट टायरला अजिबात चालत नाही. ट्रॅकवरून आत येताच सुईचे तापमापक टायरच्या रबरात तीन ठिकाणी खुपसून पाहतात: आतली कड, मधोमध आणि बाहेरची कड. मूळ भूमितीत बाहेरची कड भाजून निघालेली असते, रबराचे बारीक गोळे सुटलेले असतात आणि आतली कड जेमतेम कोमट असते. म्हणजे टायरचे पैसे पूर्ण रुंदीचे मोजले आणि काम अर्ध्याच रुंदीने केले. उपाय जुनाच आहे, त्या काळच्या शर्यतवाल्यांनी शोधलेला: वरच्या हाताची आतली खुंटी खाली आणि थोडी मागे सरकवायची. काही सेंटिमीटरच्या आतले हे काम आहे, पण त्यानंतर तीच सुई तीन जागी जवळजवळ सारखा आकडा दाखवते. माझ्या गाडीत तो आकडा पहिल्यांदा जुळला तेव्हा झालेला आनंद मला इंजिनाच्या कोणत्याही हॉर्सपॉवरने दिलेला नाही.

मागे सरळ अखंड ॲक्सल आणि पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. जोरात ब्रेक दाबला किंवा ॲक्सलरेटर दिला की पाटे पिळवटतात, सुटतात, पुन्हा पिळवटतात, आणि मागची चाके रस्त्यावर हातोड्यासारखी आपटू लागतात. कंपनीलाही हे ठाऊक होते. म्हणून १९६८पासून मागचा एक शॉक ॲब्सॉर्बर ॲक्सलच्या पुढे आणि दुसरा मागे बसवू लागले. मी पाटे काढून टाकले आणि ॲक्सल तीन दांड्यांवर व कॉइल स्प्रिंगांवर घेतला, ॲक्सलची आडवी हालचाल रोखायला पॅनहार्ड रॉड नावाची आडवी दांडी लावली.

ब्रेकच्या बाबतीत मात्र मी कोणाचेही ऐकून घेत नाही. साधारण १,५०० किलोची गाडी २०० किलोमीटर वेगावरून ८०वर आणायची तर जवळजवळ १९ लाख ज्यूल उष्णता कुठेतरी गेली पाहिजे. एवढ्या उष्णतेत पाच-साडेपाच लिटर पाणी गारवा सोडून उकळीला येईल, आणि हे एका वळणाआधीच्या काही सेकंदांत. जिंजरमॅनला एका फेरीत अकरा वळणे आहेत. मूळ गाडीला डिस्क ब्रेकचा पर्याय घेतला तरी पुढे ११ इंची डिस्क आणि मागे साडेनऊ इंची ड्रम मिळत. असे ब्रेक आधी वास सोडतात, मग ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि पेडल दाबले की ते काही न धरता खाली जाते. म्हणून चारही चाकांना मोठ्या डिस्क, पुढच्या डिस्कवर हवा सोडणारे पाइप आणि उंच उत्कलनबिंदूचे, वेळच्या वेळी बदललेले ब्रेक ऑइल. १८ इंची चाके मी दिसण्यासाठी लावली असे काही जण म्हणतात. १४ इंची डिस्क जुन्या चाकात मावत नाही, एवढेच त्याचे कारण.

ऑइलचेही तसेच. लांब वळणात इंजिनाच्या तळाच्या चेंबरमधले ऑइल एका बाजूला चढते, पंपाची नळी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. प्रेशरचा काटा क्षणभर पडतो, आणि तेवढ्या क्षणात वेगाने फिरणाऱ्या क्रँकच्या बेअरिंगांवरचा ऑइलचा थर फाटतो. चेंबरमध्ये एकाच दिशेने उघडणारी छोटी दारे लावून ऑइल नळीभोवती अडवून ठेवावे लागते. सरळ रेषेत पळणाऱ्या गाडीला या दारांची गरज पडत नाही, त्यामुळे ताकदवान इंजिन विकत घेऊन थेट ट्रॅकवर येणारे पुष्कळ जण इथेच फसतात.

इंजिनाबद्दल मला थोडकेच सांगायचे आहे, जरी तुमचा पहिला प्रश्न नेहमी त्याबद्दलच असतो. मी शेव्हरोलेचेच ॲल्युमिनियमचे ६.२ लिटरचे एलएस३ हे नव्या पिढीचे व्ही-८ बसवले. ते जुन्या बिडाच्या इंजिनापेक्षा पुष्कळ हलके आहे, त्यामुळे गाडीच्या नाकावरचे वजन उतरले. कारखान्याच्या हिशेबाने ४३० हॉर्सपॉवर मिळतात आणि ते तेवढेच ठेवले आहेत. जुने इंजिन काढले म्हणून हळहळणारे लोक भेटतात. त्यांच्या भावना मला समजतात, पण हलके नाक ही वळणाची पहिली अट आहे आणि मी ती भावनेखाली दडपणार नाही.

आता मूळ प्रश्न. पोर्शे ९११ जीटी३ ही अप्रतिम गाडी आहे. चार लिटरचे, मिनिटाला ९,००० फेऱ्यांपर्यंत जाणारे तिचे इंजिन ऐकताना मी काम थांबवतो. पण तिच्या प्रत्येक अडचणीचे उत्तर श्टुटगार्टजवळ बसलेल्या हुशार माणसांनी आधीच शोधून ठेवले आहे, आणि बरेचसे ते संगणकाच्या आत आहे. ते चांगले आहे, पण ते मला शोधायला मिळत नाही. माझ्या गाडीत पुढचे टोक बाहेर सरकले तर मी सुई घेतो, पाना घेतो, एक खुंटी हलवतो आणि पुढच्या फेरीत फरक हाताला जाणवतो. आयुष्यभर मी गाड्यांच्या कारखान्यात एका भागाच्या एका कोपऱ्यावर काम केले. अख्खी गाडी वळणात काय करते हे मला या कॅमारोने शिकवले. पैशाचा हिशेब मला मान्य आहे: विकायला काढली तर घातलेला पैसा परत येणार नाही, आणि पोर्शेचा बराचसा आला असता.

‘मग हरवता का त्यांना?’ हा त्यापुढचा प्रश्न असतो. जीटी३च्या चाकामागे जाणता चालक असेल तर नाही. तो ब्रेक माझ्याहून उशिरा लावतो आणि वळणातून निघताना मागच्या इंजिनाच्या वजनावर चाके रोवून निघून जातो. नवखा असेल तर संथ वळणांतून बाहेर पडताना माझ्या व्ही-८चा जोर त्याच्या जवळ नेतो, आणि कधी कधी तो आरशात पाहून हात बाहेर काढतो व मला पुढे जायची खूण करतो. डाव्या वळणात माझी गाडी उजव्यापेक्षा किंचित वेगळी वागते, कारण पॅनहार्ड रॉड एका बाजूला बॉडीला आणि दुसऱ्या बाजूला ॲक्सलला बांधलेला असल्यामुळे ॲक्सल वरखाली होताना थोडा आडवाही सरकतो. येत्या हिवाळ्यात तो काढून तिथे वॉट लिंकेज बसवायचे आहे, म्हणजे दोन दांड्या आणि मधला एक फिरता तुकडा यांची, ॲक्सलला सरळ वरखाली ठेवणारी जोडणी. त्याची मापे घेऊन झाली आहेत आणि मधल्या फिरत्या तुकड्याचे पोलाद कापायला दिले आहे.