आईच्या हयातीचा दाखला आणि तीन नकार

माझी आई सोलापुरात राहते. वयाच्या पंधराव्या वर्षापासून अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत तिने विड्या वळल्या, आणि त्या कामाबद्दल तिला कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ खाली निवृत्तिवेतन मिळते. या योजनेतील किमान रक्कम २०१४ पासून दरमहा १,००० रुपये आहे आणि आईला तेवढेच मिळतात. रक्कम लहान असली तरी ती तिची स्वतःची आहे. गोळ्या, भाजी आणि सणाला नातवंडांच्या हातावर ठेवायचे पैसे ती त्यातूनच काढते. जानेवारी २०२४ मध्ये ही रक्कम खात्यात जमा झाली नाही, तेव्हा माझ्या लक्षात आले की हयातीच्या दाखल्याची मुदत डिसेंबरमध्येच संपून गेली होती. सरकारी निवृत्तांचा दाखला नोव्हेंबरात द्यायचा असतो. या योजनेत मात्र तो वर्षात केव्हाही देता येतो आणि दिल्या दिवसापासून एक वर्ष चालतो. ती तारीख लक्षात ठेवण्याची जबाबदारी माझी होती.

मी पुण्याहून रजा काढून गेलो आणि आईला घेऊन वस्तीतल्या सेवा केंद्रात बसलो. ‘जीवन प्रमाण’ ही डिजिटल दाखल्याची सोय नोव्हेंबर २०१४ पासून आहे, त्यामुळे केंद्रातल्या मुलाला काम नवे नव्हते. आईने यंत्रावर अंगठा ठेवला आणि पडद्यावर ३३० हा आकडा आला. त्याने काच पुसली, दुसरे यंत्र जोडले, तरी तोच आकडा आला. “सर्व्हर डाऊन असेल, उद्या या मावशी,” असे तो म्हणाला. घरी येऊन मी त्या आकड्याचा अर्थ शोधला, तेव्हा कळले की सर्व्हर व्यवस्थित होता. आधारधारकाने आपले बायोमेट्रिक कुलूपबंद केले असले की हा आकडा येतो, आणि ते कुलूप मीच लावले होते. बोटांचे ठसे चोरून आधारमार्गे खात्यातले पैसे काढल्याच्या बातम्या वाचून मी आदल्या उन्हाळ्यात ही खबरदारी घेतली होती आणि पुढे विसरून गेलो होतो. आईच्या मोबाइलवर आलेला ओटीपी टाकून कुलूप काढायला पाच मिनिटेही लागली नाहीत.

दुसऱ्या दिवशी ३३० आला नाही, ३०० आला. याचा अर्थ, ठसा जुळत नाही.

हा नकार पहिल्याहून कठीण होता, कारण त्याचे कारण आईच्या हातातच होते. भिजवलेले तेंदूपत्ते कातरीने कापायचे, तंबाखू भरून पान बोटांच्या पेरांमध्ये घट्ट वळायचे, दोरा बांधायचा आणि नखाने तोंड मिटवायचे, हे काम ती दिवसाला आठशे-हजार विड्या होईपर्यंत करत असे. चाळीसहून अधिक वर्षांत तिच्या दोन्ही अंगठ्यांची आणि तर्जनींची पेरे इतकी गुळगुळीत झाली आहेत की उजेडात धरूनही त्यांवर रेषा शोधाव्या लागतात. केंद्रातल्या मुलाने तिच्या बोटांना तेल लावून पाहिले, ओल्या रुमालाने पुसून पाहिले आणि दहाही बोटे एकामागून एक ठेवून पाहिली. आई त्यालाच म्हणत राहिली, “माझीच बोटं गेली बघ, बाळा, तुझा काय दोष.” ते ऐकवत नव्हते.

या व्यवस्थेत काय घडते ते समजून घेतल्यावर माझी घालमेल वाढली. बोटाचा ठसा यंत्रातच कूटबद्ध होतो, आधार प्राधिकरणाच्या केंद्राकडे जातो, नोंदणीच्या वेळी घेतलेल्या ठशाशी ताडला जातो आणि परत येते ते केवळ ‘हो’ किंवा ‘नाही’. खासगी माहिती बाहेर पडू नये म्हणून उत्तर एवढेच ठेवले आहे आणि ते मला योग्यच वाटते. पण आईचे ठसे २०१२ मध्ये शाळेतल्या शिबिरात घेतले गेले, तेव्हाही ते पुसटच होते. कारखान्यात चेकर तिच्या विड्या छाट म्हणून बाजूला काढत असे, तेव्हा ती ते कट्टे परत हातात घेई, बोट दाखवून भांडत असे आणि कधी कधी त्यातले काही मान्यही करून घेई. इथे ती समोर जिवंत बसलेली असून दाखवण्यासारखे तिच्याकडे काहीच नव्हते. आधार केंद्रात तेव्हा १०० रुपये भरून ठसे नव्याने नोंदवता येत होते, परंतु रेषाच उरल्या नसतील तर नवा ठसाही तितकाच अपुरा ठरणार, म्हणून मी तो मार्ग सोडला.

मार्ग सापडला तो ही योजना चालवणाऱ्या भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या कार्यालयात. खिडकीवरच्या बाईंनी आईचे हात पाहिले आणि आम्ही काही सांगायच्या आतच विचारले, “आजी, विड्या करत होता ना? मग चेहऱ्यावरून करा.” या योजनेच्या निवृत्तांना चेहरा-पडताळणी जुलै २०२२ पासून खुली आहे, हे मला तोवर ठाऊक नव्हते. फोनमध्ये दोन अ‍ॅप घ्यावी लागतात, एक आधारचे चेहरा ओळखणारे आणि दुसरे जीवन प्रमाणचे. त्यात आधी फोन चालवणाऱ्याची पडताळणी होते, म्हणून प्रथम मी माझा आधार क्रमांक दिला आणि कॅमेऱ्याकडे पाहून पापण्या मिटल्या-उघडल्या. मग आईचा पीपीओ (निवृत्तिवेतन आदेश) क्रमांक आणि इतर तपशील भरले. अर्जात पुनर्विवाहाबद्दलही प्रश्न होता. तो वाचून दाखवताना माझा आवाज अडखळला, तिने मात्र शांतपणे “नाही” म्हटले. घरात उजेड कमी पडत होता, म्हणून तिला उंबऱ्यापाशी बसवले. चष्मा काढल्यावर तिने फोटोसाठी नीट करावा तसा पदर सारखा केला. तिसऱ्या प्रयत्नात पडताळणी पूर्ण झाली आणि प्रमाण क्रमांकाचा, म्हणजे दाखल्याच्या क्रमांकाचा, संदेश आला.

आठवड्याने दुसरा संदेश आला, दाखला नाकारल्याचा. मी पुन्हा त्याच खिडकीपाशी गेलो. बाईंनी फोन पाहून सांगितले की निवृत्तिवेतन वितरित करणारी संस्था म्हणून मी आईची बँक निवडली होती. पैसे बँकेत पडतात म्हणून ती निवड मला स्वाभाविक वाटली होती. पण या योजनेत मंजुरी आणि वितरण दोन्ही निधी संघटनेकडे असते, त्यामुळे दोन्ही ठिकाणी तिचेच नाव आणि पुढे सोलापूरचे कार्यालय निवडायला हवे होते. तिथेच बाहेरच्या बाकावर बसून मी आईचा दाखला पुन्हा भरला. या वेळी तो स्वीकारला गेला, आणि मार्चअखेर तीन महिन्यांचे ३,००० रुपये एकत्र जमा झाले.

त्यानंतर मी आईच्या बायोमेट्रिकचे कुलूप पुन्हा लावले. पीपीओच्या मागे चिकटवलेल्या कागदावर आधी कुलूप काढायचे, वितरणाच्या रकान्यात बँक निवडायची नाही आणि पुढची तारीख कोणती, हे ठळक अक्षरांत लिहून ठेवले. तो कागद आईच्या पत्र्याच्या डब्यात, तिच्या विडी कामगार ओळखपत्राखाली आहे.