तुम्ही विचारलंत म्हणून: अकरा वेळा निवडून दिलंत, मग दुष्काळ का हटला नाही?

मी सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याचा, हे कळलं की पुण्या-मुंबईकडची माणसं दोनपैकी एक काहीतरी बोलतात. २०२२ नंतर बरेच जण आमचे तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटलांचं ‘काय झाडी, काय डोंगार’ म्हणून हसतात. त्यावर मी काही बोलत नाही. जरा जाणते असतात ते मात्र विचारतात, की गणपतराव देशमुखांना तुम्ही अकरा वेळा आमदार केलंत, तरी तुमचा दुष्काळ का हटला नाही?

प्रश्न रास्त आहे, म्हणून नीट उत्तर देतो.

गणपतराव, आमचे आबासाहेब, १९६२ ला पहिल्यांदा निवडून आले आणि २०१४ ला अकराव्यांदा. मतदारसंघ तोच, पक्षही तोच, शेतकरी कामगार पक्ष, म्हणजे शेकाप. मध्ये दोनदा पडले: १९७२ ला आणि १९९५ ला. दुसऱ्या खेपेला तर अवघ्या १९२ मतांनी. मंत्रिपद वाट्याला आलं ते १९७८ च्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आणि १९९९ नंतरच्या आघाडी सरकारात, तेही थोडे थोडे दिवस. बाकी बहुतेक हयात विरोधी बाकांवर गेली. तेव्हा खरा प्रश्न असा, की ज्याच्या हातात खातं नाही, निधीची किल्ली नाही, असा आमदार करतो काय?

विचारत राहतो. विधानसभेच्या प्रश्नोत्तरांची छापील यादी कधी चाळून बघा. ‘हे खरे आहे काय’, ‘असल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’, आणि समोर खात्याचं उत्तर: ‘हे अंशतः खरे आहे’, नाहीतर ‘प्रश्न उद्भवत नाही’. वाचताना हसू येतं. पण ते ‘अंशतः’ लिहून देण्यासाठी मंत्रालयातून जिल्ह्याला विचारणा होते, कार्यकारी अभियंत्याला फाइल काढावी लागते, रखडलेल्या कामाचा आकडा कागदावर येतो. पुढच्या अधिवेशनात तोच आकडा पुन्हा समोर धरायचा तर आधीचं उत्तर लक्षात असलेला माणूस सभागृहात लागतो. पाच वर्षांनी घरी जाणाऱ्याला ते जमत नाही. मंत्री बदलले, सचिव बदलले, तरी सांगोल्याच्या पाण्याचं जुनं उत्तर कुणाला विसरू न देणारा एक माणूस तिथं बसलेला असायचा.

आता पाणी. सांगोला माणदेशात, पर्जन्यछायेत. नीरा उजव्या कालव्याच्या अगदी टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला आमची गावं. टेलला असणं म्हणजे काय, हे कालव्याच्या तोंडाशी राहणाऱ्याला समजायचं नाही. आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी सुटल्याची बातमी पेपरात येते, वर मोटारी टाकल्या जातात, ऊस भिजतो, आणि खालच्या चारीत पोचेपर्यंत पाळी संपलेली असते. कृष्णेचं पाणी उचलून आणायचं तर टेंभू, म्हैसाळसारख्या उपसा योजना हव्यात. त्यांना पैसा हवा, वीज हवी. कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बचावत लवादाने महाराष्ट्राला दिलेलं ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी २००० सालापर्यंत अडवून वापरायची घाई होती, तरी दुष्काळी तालुके रांगेत मागेच. १९९३ पासून आटपाडीला १३ दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा भरू लागल्या. पुढाकार स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींचा, सोबत आबासाहेब. मागणी साधी होती, पाणी समान वाटा. त्यातून पाणी आलं, उशिरा आलं, सगळ्या गावांना आलं नाही. म्हणजे तुमच्या प्रश्नाला माझं उत्तरही ‘अंशतः खरे आहे’ असंच.

मधल्या काळात तालुका तगला तो डाळिंबावर. १९९० च्या सुमारास रोजगार हमीला फळबाग लागवड जोडली गेली आणि माळरानावर खड्डे पडले. ठिबकवर भागणारं झाड ते. आमच्या भावकीत त्या पैशांवर घरं उभी राहिली, पोरं शिकली. पुढं तेल्या रोगाने बऱ्याच बागा काढायला लावल्या, तो वेगळाच विषय. याचं श्रेय एकट्या आमदाराला द्यायचं कारण नाही, शेतकऱ्याने स्वतः मान मोडून केलंय ते. पण राज्यात सहकारी सूतगिरण्यांना कुलपं लागत असताना आबासाहेबांची आमची गिरणी चालत राहिली, आणि ती चालवणारा हा माणूस एसटीने फिरतो, हे लोक बघत होते. मत देताना तेही धरलं जायचं.

भक्तांना आवडणार नाही, पण एक सांगतो. इतका लांब डाव एकट्याने खेळला की मागे खेळाडू तयार होत नाहीत. १९७८ ला शेकापचे १३ आमदार होते, २०१४ ला तीन. दुसरी फळी कुठं आहे, हे आम्हीही त्यांना कधी खडसावून विचारलं नाही; आबासाहेब आहेत ना, यावर निभावत गेलं. २०१९ ला ते थांबले तेव्हा उमेदवारी नातवाकडेच गेली. डॉ. अनिकेत देशमुख ७६८ मतांनी पडले, शहाजीबापू पाटलांकडून. १९९५ ला आजोबांना पाडलं तेही शहाजीबापूंनीच.

३० जुलै २०२१ ला आबासाहेब गेले. २०२४ ला शेकापचा अख्ख्या राज्यात एकच आमदार आला, तो सांगोल्यातून: दुसरे नातू, डॉ. बाबासाहेब देशमुख. घराणेशाही म्हणाल तर म्हणा, मी वाद घालणार नाही. टेलच्या गावांना पाळी वेळेवर मिळते का, हे आता त्यांना विचारायचं.