आज पण फ्लाइट नाही

तिकडे अंटार्क्टिकात नोवोच्या निळ्या बर्फाच्या धावपट्टीवर वारा सुटलाय म्हणे, आणि इथे केपटाऊनमध्ये लोक हाफ पॅन्टवर फिरतायत.

संध्याकाळी समुद्राकडे गेलो तर आमचे सीनियर, आधी एकदा तिकडच्या आपल्या 'मैत्री' संशोधन केंद्रावर अख्खा हिवाळा काढलेले, एका अनोळखी बाईंच्या कुत्र्यापाशी फुटपाथवरच मांडी घालून बसलेले. वीस मिनिटं कान खाजवतायत, बाई बिचाऱ्या ताटकळल्यात.

मी हसलो तर म्हणाले, "हस लेका. 1994 पासून तिकडे कुत्र्यांना बंदी. आता वर्षभर पेंग्विन दिसले तरी लांबूनच बघायचे."

एक्स्ट्रा मोजे, बँकेची कामं, सगळं आठवणीने केलं होतं मी. हे कुठल्याच यादीत नव्हतं.

रूमवर येऊन बघतो तर माझ्याही पॅन्टला केस. विमानात चढायच्या आधी कपडे साफ करावेच लागणारेत, तिकडे माती-बिया काही न्यायचं नाही. पण आज राहू देत का?