हनुवटीची शस्त्रक्रिया: दुखण्यापेक्षा बधिरपणाची तयारी ठेवा

हनुवटीचं ऑपरेशन म्हटलं की सगळे आधी विचारतात, "खूप दुखलं का रे?" मी पुण्यात जीनिओप्लास्टी, म्हणजे हनुवटीचं हाड सरकवण्याची शस्त्रक्रिया, करून घेतली. दुखणं गोळ्यांनी आटोक्यात राहतं. मनाची तयारी करावी लागते ती बधिरपणाची, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

माझी हनुवटी पहिल्यापासून आत गेलेली. कॉलेजपासून दाढीखाली झाकत आलो. आईला हे ऑपरेशन अजिबात पटत नव्हतं. "चांगला धडधाकट आहेस, कशाला हाडाला हात लावून घेतोस?" असं ती म्हणायची. तिची काळजी रास्त होती, म्हणून घाई न करता दोन वेगवेगळ्या सर्जनना दाखवलं.

दोघांनीही आधी दातांचा चावा तपासून घ्यायला सांगितलं. ओपीजी, म्हणजे सगळ्या दातांचा आणि जबड्याचा एकत्र एक्स-रे, आणि चेहऱ्याचा बाजूने काढलेला एक्स-रे, म्हणजे सेफॅलोग्राम, झाला. ऑर्थोडॉन्टिस्टनी, म्हणजे वाकडे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांनी, वरचे-खालचे दात नीट जुळतात ना, हे पाहिलं. ही पायरी कुणीही गाळू नये. खालचा अख्खा जबडाच मागे असेल, तर नुसती हनुवटी पुढे आणून मूळ दोष तसाच राहतो. मग दातांना तारा आणि जबड्याची शस्त्रक्रिया असा वेगळाच मार्ग असतो.

माझा चावा ठीक निघाला. आता इम्प्लांट की हाड सरकवणं, हे ठरवायचं होतं. इम्प्लांटमध्ये बहुतेकदा सिलिकॉनचा तुकडा हाडाला लागून बसवतात. काम लवकर होतं आणि नको वाटलं तर काढता येतो. पण तो जागचा हलू शकतो, जंतुसंसर्ग होऊ शकतो, काही जणांत त्याच्या दाबाने खालचं हाड झिजतं. जीनिओप्लास्टीत हनुवटीचं हाड आडवं कापून पुढे सरकवतात आणि टायटॅनियमची प्लेट व स्क्रू लावून पक्कं करतात. माझी हनुवटी आत होती तशी उंचीलाही कमी होती, आणि उंची वाढवायची तर हाड सरकवणं बरं, असं सर्जनचं मत पडलं. कॉम्प्युटरवर त्यांनी होणारा बदल दाखवला, पण हा अंदाज आहे, हमी नाही, हेही स्पष्ट सांगितलं. त्यांच्यावर विश्वास बसला तो तिथेच.

खर्चाचं आधीच विचारून घ्या. निव्वळ सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया आरोग्य विम्यात बसत नाही, शिवाय तिच्यावर १८ टक्के जीएसटी लागतो.

ऑपरेशन पूर्ण भूल देऊन झालं. छेद खालच्या ओठाच्या आतून घेतात, त्यामुळे बाहेर व्रण नाही. श्वासाची नळी नाकातून घातलेली असल्यामुळे शुद्धीवर आल्यावर हनुवटीच्या आधी घसाच दुखत होता. हनुवटीवर घट्ट चिकटपट्ट्या होत्या. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते. चेहरा चौकोनी झाला, निळसर डाग उतरत उतरत मानेपर्यंत आले आणि पिवळे पडून गेले. त्या दिवसांतल्या चेहऱ्यावरून निकाल काढू नका. सर्जननी मला आधीच सांगून ठेवलं होतं की खरा आकार दिसायला काही महिने लागतात.

उशा उंच करून झोपायचं, जेवणानंतर क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशक औषधाच्या गुळण्या करायच्या. त्या औषधाने चव मरते. पेज, मुगाचं पातळ वरण, नाचणीची आंबील यांवर दिवस काढले. सगळं कोमट, कारण बधिर ओठाला चटका कळत नाही.

आता त्या बधिरपणाविषयी. खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस दोन्ही बाजूंना दाढांच्या थोडं पुढे हाडातल्या छिद्रातून बाहेर येते. शस्त्रक्रियेत ती जपतात, तरी ताण पडतोच. पहिला चहा पिताना कप ओठाला टेकलाय की नाही, हेच कळेना. चहा हनुवटीवरून ओघळून शर्टावर पडला, तेव्हा आई टॉवेल घेऊन धावली आणि मला कळलं. 'प', 'ब', 'म' म्हणताना ओठ नीट मिटत नसत, त्यामुळे फोनवर बोलणं टाळायचो. दाढी करताना ब्लेड दुसऱ्याच कुणाच्या तरी कातडीवरून फिरतंय असं वाटे. एके रात्री खरंच घाबरलो, कायमचं असंच राहिलं तर?

तपासणीला गेलो की सर्जन डोळे मिटायला सांगून कापसाने आणि बोथट टोकाने स्पर्श करायचे, कुठे कळतंय ते कागदावर आखून ठेवायचे. दर भेटीत बधिर भागाची ती रेघ आत सरकलेली दिसायची. मग मुंग्या येऊ लागल्या, मधूनच चमका निघायच्या. नस जागी होत असल्याचं ते लक्षण, असं त्यांनी सांगितल्यावर जीव भांड्यात पडला. बहुतेकांची संवेदना काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परत येते, पण थोड्यांना काही भाग कायमचा बधिर राहतो. संमतीपत्रावर सही करण्याआधी हे वाक्य सर्जनकडून तोंडी ऐका, आणि तसं झालं तर आपल्याला चालेल का, याचा स्वतःशी विचार करा.

माझ्या डाव्या बाजूला ओठाखाली रुपयाएवढी जागा अजून मंद आहे. जेवताना तिथे शीत चिकटलं तर कळत नाही, म्हणून रुमाल जवळ ठेवतो. तेवढ्यावर मला हा बदल मंजूर आहे. दाढी आता आवडली तर ठेवतो.