डॉक्टरांचा प्रश्न आणि माझे अर्धे उत्तर

मंगळवार, रात्र

आज दुसऱ्यांदा डॉक्टरांकडे जाऊन आले. नऊ दिवसांपूर्वी ज्या खुर्चीत बसून मी अर्धेच उत्तर दिले होते, तिथेच बसून आज उरलेले अर्धे सांगितले. घरी आल्यावर हातपाय धुवायच्याही आधी ही वही उघडली, कारण इतके दिवस मनात घोळत असलेले कागदावर उतरल्याशिवाय आज झोप लागणार नाही.

पहिल्या भेटीत डॉक्टरांनी विचारले होते, "सिगारेट, तंबाखू वगैरे काही?" मी "नाही" म्हणाले. शब्दाला धरून पाहिले तर ते खोटे नव्हते, कारण शेवटची सिगारेट विझवून मला तीन वर्षे झाली आहेत. पण तेव्हा मांडीवरच्या पर्समध्ये व्हेप, म्हणजे बॅटरीवर चालणारी ई-सिगारेट होती, आणि दवाखान्याच्या पायऱ्या चढण्यापूर्वी मी तिचे चार-पाच झुरके घेतले होते. डॉक्टरांनी कागदावर 'व्यसन नाही' असे लिहिले आणि पुढचा सगळा विचार त्या दोन शब्दांच्या आधारे झाला. ईसीजी चांगला आला, एक्स-रे स्वच्छ आला. स्नायू आखडला असेल किंवा पित्त वर येत असेल, असे सांगून त्यांनी गोळ्या दिल्या. त्यांच्याकडून काहीही चुकले नाही. मी जेवढे हाती दिले, तेवढ्यावरून त्यांनी नीट निदान केले.

छातीत जे होते त्याला मी इतके दिवस 'दुखणे' म्हणत नव्हते, म्हणून ते इतके दिवस चालू राहिले. उरोस्थीच्या मागे कुणी तळहात टेकवून ठेवावा तसे दडपण यायचे. खोल श्वास घ्यायला गेले की तो शेवटच्या पायरीवर अडायचा आणि पुन्हा प्रयत्न केल्याशिवाय पुरा व्हायचा नाही. सकाळी उठल्याबरोबर कोरडा ठसका लागायचा. रात्री डाव्या कुशीवर झोपले की उशीतून स्वतःच्या हृदयाचे ठोके कानाला ऐकू यायचे. या सगळ्याला मी निरनिराळी कारणे लावून ठेवली होती: बसण्याची पद्धत, जागरण, कामाचा ताण. व्हेप हे कारण मी त्या यादीत कधी घातलेच नाही.

ते घातले ताईने. गोळ्यांनी उतार पडत नाही असे तिला सांगितले, तेव्हा तिने एवढेच विचारले, "तू त्यांना व्हेपचं सांगितलंस का?" मी गप्प बसले. ती रागावली नाही. "मग निदान वेळ तरी लिहून ठेव," म्हणाली, "ओढतेस कधी आणि छाती भरून येते कधी." या वहीच्या मागच्या पानांवर तशा दोन रांगा आहेत. चौथ्या दिवशी त्या रांगा मला स्वच्छ वाचता आल्या. सलग झुरके घेतले की अर्ध्या तासाच्या आत दडपण यायचे. ज्या दुपारी बैठक लांबली आणि तीन तास ओढता आले नाही, त्या दुपारी ते आले नाही. एकदा मनगटावर बोट ठेवून ठोके मोजले. आधी मिनिटाला ७२ होते, आठ झुरक्यांनंतर ८८ झाले.

व्हेपच्या बाबतीत 'वाफ' हा शब्दच माणसाला फसवतो, असे मला आता वाटते. वाफ म्हटले की डोळ्यांसमोर पाणी येते. पण व्हेपमध्ये भरायच्या लिक्विडमध्ये प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन असते, त्यात निकोटीन आणि स्वादाची रसायने मिसळलेली असतात. बारीक कॉइल तापते, तिच्याभोवतीच्या कापसात मुरलेले लिक्विड उडते, आणि आत जातो तो अतिसूक्ष्म थेंबांचा फवारा. मी ज्या खिडकीशी बसून ओढत असे तिची काच परवा पुसली, तेव्हा फडक्याला किंचित चिकट, गोडसर वासाचा थर लागला. काचेवर तो दिसतो. श्वासनलिकेतला कोण पुसणार? त्यातच लिक्विड संपत आले आणि कापूस कोरडा पडला की जी करपट चव घशाशी येते, ती द्रव जास्त तापून त्याचे विघटन झाल्याची खूण असते. या विघटनातून फॉर्माल्डिहाइड, ॲक्रोलिन यांसारखी द्रव्ये तयार होतात. ॲक्रोलिन श्वासमार्गाला झोंबते, त्याचा दाह करते. ती करपट चव आल्यावरही आणखी दोन झुरके ओढून मग कॉइल बदलायची, अशी माझी सवय होती.

निकोटीनचे काम निराळे. ते शरीराला ॲड्रेनलिन सोडायला लावते, रक्तवाहिन्या आकसतात, ठोके आणि रक्तदाब वाढतो. अन्ननलिकेच्या तळाची झडपही त्याने सैलावते, त्यामुळे आम्ल वर येऊन छातीत जळजळ होऊ शकते; म्हणजे डॉक्टरांचा पित्ताचा अंदाजही कदाचित निम्मा बरोबरच होता. मी वापरत होते ते निकोटीन क्षाराच्या रूपातले. त्यात आम्ल मिसळून निकोटीनचा घशाला लागणारा तिखटपणा घालवलेला असतो, म्हणून मात्रा जास्त असूनही ठसका लागत नाही. शरीराने हात वर करून 'पुरे' म्हणायची जी पहिली जागा, तीच तिथे बोथट झालेली असते. शिवाय सिगारेट संपते, बोटांशी येऊन विझते. व्हेप संपत नाही. तो उशाशी असतो.

सिगारेट सुटली ती यामुळेच, हेही मला इथे लिहून ठेवले पाहिजे. जळत्या तंबाखूच्या धुरातले डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड यात नसते किंवा फारच थोडे असते, आणि सिगारेट सोडायला कित्येकांना याचा खरोखर उपयोग झाला आहे. त्या उपकाराबद्दल माझी तक्रार नाही. 'कमी अपाय' ऐकून मी मनात 'अपाय नाही' असे नोंदवले आणि तीन वर्षे तीच नोंद वाचत राहिले, ही चूक माझी.

एक्स-रे स्वच्छ आला म्हणून मी निर्धास्त झाले होते. पण फुप्फुसाच्या आतल्या भागाला वेदना कळतच नाही. वेदना कळते ती छातीच्या आतल्या बाजूने असलेल्या आवरणाला. तिथे काही पोहोचेपर्यंत आत काय चालले आहे याची वर्दी मिळेलच असे नाही. २०१९ साली अमेरिकेत व्हेप ओढणारी तरुण माणसे धाप, खोकला आणि छातीतल्या दुखण्याने एकामागून एक रुग्णालयात दाखल होऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत तिथे अशा २,८०७ रुग्णांची नोंद झाली आणि ६८ जण दगावले. त्यातील बहुतेकांनी गांजातील टीएचसी हे द्रव्य असलेले लिक्विड ओढले होते, आणि त्यात मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटकडे मुख्यतः बोट दाखवले गेले. माझे दुखणे ते नव्हे. तरी एका गोष्टीपाशी मी बराच वेळ थांबले. त्या आजाराच्या व्याख्येतच, लक्षणे सुरू होण्याआधीच्या ९० दिवसांत व्हेप ओढला होता का, हा प्रश्न आहे. त्याला खोटे उत्तर मिळाले तर एक्स-रेवरची सावली साध्या न्यूमोनियाची समजून औषध चालू राहू शकते.

आज मी सगळे सांगितले, तेव्हा डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. बोलले नाहीत काही, पण प्रश्न मात्र अगदी नेमके विचारले: मिलिलिटरमागे किती मिलिग्रॅम निकोटीन, आठवड्याला किती लिक्विड, विकतचे की कुणी घरी मिसळलेले, त्यात आणखी काही असायचे का. मग पुन्हा पाठीला स्टेथोस्कोप लावून जोरात श्वास सोडायला सांगितला. "शेवटी थोडी शिट्टी ऐकू येते आहे," म्हणाले. ऑक्सिजन ९८ होता. फुप्फुसांच्या तपासणीसाठी स्पायरोमेट्री लिहून दिली, निकोटीनचे पॅच दिले. एका बाजूला अचानक तीव्र कळ येऊन श्वास घेता येईनासा झाला, दुखणे हाताकडे किंवा जबड्याकडे गेले, घाम फुटला, भोवळ आली किंवा खोकल्यातून रक्त पडले, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता तडक रुग्णालय गाठायचे, असे त्यांनी दोनदा बजावले.

उद्या सकाळपासून बंद.

शुक्रवार

तिसरा दिवस. हात आपोआप पर्सच्या छोट्या कप्प्याकडे जातो आणि रिकामा परत येतो. दुपारी छाती पुन्हा आवळल्यासारखी झाली तेव्हा क्षणभर वाटले, मग ओढणे सोडून मिळवले काय? पण हे दडपण तलफेबरोबर आले आणि वीस मिनिटे चालल्यावर तिच्याबरोबरच गेले. वहीत त्याची निराळी खूण केली आहे. तलफेचा जोर पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत जास्त असतो, असे डॉक्टर म्हणाले होते. संध्याकाळी ताईचा फोन आला. तिने काही विचारले नाही, नुसती बोलत राहिली.

शनिवार, पुढचा आठवडा

आज स्पायरोमेट्रीची तपासणी झाली. आधी एक अर्ज भरायचा होता. 'धूम्रपान' या शब्दापुढे दोनच चौकोन होते, होय आणि नाही. मी 'होय'वर खूण केली आणि शेजारच्या समासात बारीक अक्षरांत लिहिले: व्हेप, तीन वर्षे, रोज, निकोटीनसह; दहा दिवसांपासून बंद, पॅच चालू. तंत्रज्ञ बाईंनी तो मजकूर वाचला, वर पाहिले, आणि नळी माझ्या हाती देत म्हणाल्या, "आता पूर्ण श्वास घ्या."